डब्यातलं पाणी कोमट झालं की खत कमी करा

ठाण्यातल्या माजिवड्याच्या टॉवरमधल्या पश्चिमेकडच्या गॅलऱ्या दुपारी दोननंतर तापायला लागतात आणि दिवस मावळला तरी भिंती गरमच असतात. अशा गॅलरीत वीस लिटरच्या डब्यात मातीऐवजी खताच्या पाण्यात लावलेलं लेट्यूस डिसेंबरात छान भरतं, एप्रिलात मात्र भर दुपारी मान टाकतं. मुळं पाण्यात असून झाड सुकतंय, म्हणजे अन्न कमी पडत असणार, असं समजून बरेच जण खताचं आणखी एक झाकण ओततात. त्याने झाड आणखी लवकर जातं.

पाण्यातली मुळं पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. एक लिटर पाण्यात 20 अंश सेल्सिअसला साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात आणि 35 ला सातच्या आसपास. घट किरकोळ वाटेल, पण उष्णतेने मुळांचं श्वसनही वाढतं; दहा अंश चढले की ते जवळपास दुप्पट होतं. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. गुदमरलेल्या मुळांना पिथियम नावाच्या रोगजंतूची लागण होते. झाड अलगद उचलून पाहा: निरोगी मुळं पांढरी, ताठ असतात. रोगट मुळं तपकिरी नि बुळबुळीत होतात. चिमटीत धरून ओढली तर साल बोटांना लागते आणि दोऱ्यासारखा गाभा उरतो. अशी मुळं पाणी ओढू शकत नाहीत. लेट्यूसला 18 ते 22 अंशांचं पाणी मानवतं, 25-26 पर्यंत निभावतं, 28 च्या पुढे जपावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेची हवासुद्धा सहसा याच्या फार खाली जात नाही.

आता खताचा कडकपणा. तो मोजायचा ईसीने, म्हणजे पाण्यातल्या क्षारांमुळे त्यातून वीज किती वाहते त्यावरून. टीडीएस पेनही मुळात हेच मोजतं आणि आकड्याला 0.5 किंवा 0.7 ने गुणून पीपीएम दाखवतं. म्हणून एकाचं 500 आणि दुसऱ्याचं 700 हे एकच पाणी असू शकतं. पीपीएमवर वाद घालण्यापेक्षा ईसी वाचलेला बरा.

उन्हात झाड क्षारांपेक्षा पाणी जास्त ओढतं, त्यामुळे डब्यात उरलेलं द्रावण आपोआप कडक होत जातं आणि त्यातून पाणी ओढणं मुळांना आणखी जड जातं. दुपारी मान टाकण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. तेव्हा रोज सकाळी ठरावीक वेळी पातळी आणि ईसी दोन्ही पाहा. पातळी उतरली आणि ईसी चढला, तर द्रावण कडक आहे. साधं पाणी घाला. दोन्ही उतरले, तर झाड खातंय, खत घाला. पातळी उतरूनही ईसी जागेवर असेल, तर तुमचं प्रमाण बरोबर आहे. लेट्यूसला थंडीत 1.2 ते 1.6 चालतो, एप्रिल-मेमध्ये मी 0.8 ते 1.0 च्या वर जाऊ देत नाही.

साधं पाणी किती घालायचं, हे त्या पाण्यातल्या क्षारांवर ठरतं. समजा डब्यात 20 लिटर द्रावण 1.6 वर आहे आणि 1.2 वर आणायचंय. नळाचं पाणी 0.2 असेल तर 8 लिटर पुरे. टँकरचं बोअरचं पाणी 1.0 असेल तर त्याच कामाला 40 लिटर लागतील, म्हणजे तो नादच सोडायचा. महापालिकेचं पाणी उल्हास-भातसा नद्यांचं, तुलनेने मऊ; टँकर आला त्या दिवशी आधी पाणी मोजा. आरओचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालायची सवय अनेक घरांत आहे, पण त्यात क्षार साठलेले असतात. इथे ते नको.

खताच्या ए आणि बी या बाटल्याही कधी थेट एकमेकींत ओतू नका. एकीतलं कॅल्शियम दुसरीतल्या सल्फेट-फॉस्फेटशी जुळून पांढरा साका होतो आणि तो मुळांच्या उपयोगाचा राहत नाही. आधी पाण्यात ए ढवळा, मग बी. शेवटी पीएच 5.5 ते 6.5 मध्ये आणा.

पाणी थंड राखायचा सर्वांत स्वस्त उपाय मासळी बाजारात मिळतो: थर्माकोलची पेटी. स्वच्छ धुऊन डबा तिच्यात बसवा. झाकण घट्ट हवं. आत उजेड गेला की शेवाळं धरतं आणि फट राहिली की डास अंडी घालतात. डबा फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा. पाणी सकाळी लवकर भरा. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येतं ते गरम असतं. बर्फाची एक लिटरची बंद बाटली 20 लिटर पाणी हिशोबाने 32 वरून 27 पर्यंत आणते. ती अकराच्या सुमारास, पाणी तापायच्या आधी सोडा. माठाची युक्ती मात्र ठाण्याच्या मे महिन्यातल्या दमट हवेत फारशी चालत नाही, कारण पाणी झिरपलं तरी बाष्पीभवन मंदच राहतं. एअर पंप लावलात तर तो सावलीत ठेवा, नाहीतर तो गरम हवाच आत फुंकत बसतो. पंप नसेल तर डबा काठोकाठ भरू नका. वरची मुळं हवेत राहू द्या.

घरासाठी चिलर घेणं मला पटत नाही; त्याच्या विजेच्या बिलात वर्षभराची भाजी येईल. लेट्यूस नोव्हेंबर ते फेब्रुवारी लावा आणि उन्हाळ्यात त्याच डब्यात उष्णता सोसणारी तुळस किंवा कलमीची भाजी घ्या.