गुडघा बदलल्यानंतरचं घर
इटियाडोहच्या लाभक्षेत्रातल्या धानपट्ट्यात आयुष्य वाकून नाहीतर उकिडवं बसून जातं. रोवणी, निंदण, चुलीपुढचं काम. म्हणून गुडघा बदलल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "मांडी घालता येईल?" बहुतेक डॉक्टर नको म्हणतात. खरं दुःख तिथं आहे. मेर्लो-पाँती यांनी १९४५ साली मांडलं, की शरीर ही निव्वळ वस्तू नव्हे. जगात वावरण्याची ती आपली सवय आहे. सांधा दवाखान्यात बदलतो, सवय घरी बदलावी लागते. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण पाय आखडतो. उशी टाचेखाली हवी. खुर्ची उंच, वॉकर हाताशी, व्यायाम रोज. पोटरी सुजून दुखली, अचानक दम लागला, तर लगेच दवाखाना गाठायचा. आणि मदत मागायची सवयही याच दिवसांत लावून घ्यायची.