जिभेचा नफा

कँटोनीज भाषेत जिभेचा मूळ शब्द ‘सित’. हुबेहूब याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे ‘तोटा’. खाटकाकडे सकाळी सकाळी तोटा मागणार कोण? म्हणून जेवणातली जीभ झाली ‘लेइ’, कारण नफाही ‘लेइ’च. रिकामे घर भाड्याने देताना ‘रिकामे’ म्हणत नाहीत, तो उच्चार ‘अशुभ’शी जुळतो. हाँगकाँगच्या जाहिरातीत ते ‘शुभ घर’ असते!

आपल्याला यात नवल वाटू नये. बांगडी फुटली तरी आपण ती ‘वाढवली’ म्हणतो, दुकान बंद करतानाही ते वाढवतो आणि निघताना ‘येतो’ म्हणतो. फरक एवढाच की आपण अर्थाला वळसा घालतो, ते ध्वनीला. कँटोनीज शब्दांचे घटक एकाक्षरी, त्यामुळे समान उच्चारांची गर्दी फार. त्यात सहा स्वर-चढउतार. ‘सेइ’ एका सुरात चार, दुसऱ्या सुरात मृत्यू. चार हा आकडा म्हणूनच नकोसा.

नुसत्या ध्वनीने माणूस इतका दचकतो? ब्रिस्टल विद्यापीठातील जेफ्री बोवर्स आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये लोकांना शिव्या आणि त्यांचे सौम्य पर्याय मोठ्याने वाचायला लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजली. अर्थ तोच असूनही शिवी उच्चारताना शरीर जास्त खवळले. अशुभ शब्दांवर हा प्रयोग नव्हता, पण पर्यायी शब्दाने मनाला उसंत का मिळते याचा धागा तिथे सापडतो, असे मला वाटते.

सिंगापूरने 1979 पासून कँटोनीजसारख्या चिनी बोलींऐवजी मँडरिनचा आग्रह धरला. हाँगकाँगच्या मालिकाही मँडरिनमध्ये डब झाल्या. तरी तिथल्या वुडलँड्स भागातल्या मराठी कुटुंबाला शेजाऱ्याने चिनी नववर्षाला बोलावले, तर ‘लो हेइ’ हे कँटोनीज शब्द कानी पडणारच. ‘लो हेइ’ म्हणजे 1964 मध्ये सिंगापूरच्या चार आचाऱ्यांनी रूढ केलेली कच्च्या माशाची कोशिंबीर सगळ्यांनी उभे राहून चॉपस्टिकने उंच उडवणे. थाळीत मासा घालताना म्हणायचे ‘निन निन याउ यू’: दरवर्षी शिल्लक राहो. मासाही ‘यू’, शिल्लकही ‘यू’. शाकाहारी थाळीही मिळते, पण मग ‘यू’ कुठून आणायचा हा प्रश्न उरतो.

लग्नात पेला उंचावताना मँडरिनमध्ये ‘पेला कोरडा करा’ म्हणतात. कँटोनीजला कोरडेपणाही नको, कोरडा म्हणजे खिसा रिकामा. तिथे आरोळी ‘याम सेंग’, पिऊन जिंका. ‘याम’ दम पुरेल तितका लांबवायचा, ‘सेंग’ सगळ्यांनी एकदम.