घारीच्या पंखातला दोरा

रविवार, सकाळचे साडेसहा. अख्खं कोल्हापूर अजून पांघरुणात किंवा फार तर मिसळीच्या रांगेत. आणि मी पन्हाळ्याच्या पुसाटी बुरुजावर कुडकुडत उभा. गळ्यात भाड्यानं आणलेली दोन किलोची लेन्स. सात वाजले, आठ वाजले. आकाशात चिटपाखरू नाही.

‘गरुड काय तुझ्यासारखे नऊला पंचिंग करायला येत नाहीत,’ सोबतचा मित्र थर्मासमधला चहा ओतत म्हणाला. हा शिरोली एमआयडीसीत डिझाइन इंजिनिअर आहे. आठवड्यातले सहा दिवस ऑटोकॅड, सातव्या दिवशी शिकारी पक्षी. ‘ऊन तापू दे, मग बघ.’

त्याचं खरं होतं. शिकारी पक्षी हे महाआळशी प्रकरण आहे. (हे कौतुकानं म्हणतोय.) पंख मारत वर जायला ताकद लागते, म्हणून ते जमीन तापायची वाट बघतात. गरम हवा वर चढायला लागली की तिच्यावर स्वार व्हायचं आणि पंख न हलवता गोल गोल वर जायचं, म्हणजे फुकटची लिफ्ट. पन्हाळ्याला आणखी एक बोनस मिळतो. मसाई पठाराकडून येणारा वारा कड्यावर आपटतो आणि सरळ वर फेकला जातो. त्या वाऱ्यावर तरंगणारा पक्षी बुरुजावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. एरवी आपल्याला घारीचं पोट दिसतं, इथं तिची पाठ दिसते. फोटोग्राफरला आणखी काय हवं?

साडेनऊला तो आला. आधी ऐकू आला, लांब, तीन-चार सुरांची शिट्टी. तुरेवाला सर्पगरुड. पंखांखाली रुंद पांढरा पट्टा, शेपटीवरही एक. मी कॅमेरा उचलला, बटण दाबलं आणि खटखटखट चाळीस फोटो काढले. चाळीसच्या चाळीस फोटोंत मागचा डोंगर एकदम शार्प, गरुड मात्र धुक्यातल्या आठवणीसारखा!

तिथून माझी शिकवणी सुरू झाली.

पहिला धडा शटर स्पीडचा. समजा घार सेकंदाला दहा मीटर या वेगानं तरंगतेय. १/५०० ला फोटो काढला तर तेवढ्या वेळात ती दोन सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे डोळा गेलाच. १/२००० ला हेच अंतर अर्धा सेंटिमीटर होतं. म्हणून उडत्या पक्ष्याला १/२००० च्या खाली जायचं नाही, पंख मारत असेल तर १/३२००. फोकस कंटिन्युअसवर. आणि पक्षी जवळ आल्यावर कॅमेरा उचलायचा नाही, तो लांब ठिपका असतानाच फ्रेममध्ये घेऊन त्याच्याबरोबर कंबरेतून वळत राहायचं. हल्लीचे मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात, सेकंदाला वीस-तीस फोटो काढतात. छत्तीस फोटोंच्या रोलवर ज्यांनी उडते पक्षी टिपले, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

कोल्हापूरला तसं कॅमेऱ्याचं वेड नवं नाहीच म्हणा. इथल्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा मूव्ही कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आम्ही नुसते ईएमआयवर लेन्स घेतो आणि शायनिंग मारतो.

शिकण्यासाठी रोज पन्हाळा परवडत नाही. ऑफिस असतं, बॉस असतो. मग आमचा अड्डा झाला रंकाळा. संध्याकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूला उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं आणि पाण्यावर उतरणाऱ्या घारींच्या अंगावर सोनं पडतं. तिथं दोन प्रकार बघायला मिळतात. आपली नेहमीची तपकिरी घार, जिच्या शेपटीला खाच असते. आणि ब्राह्मणी घार, विटकरी अंग, डोकं-छाती पांढरीशुभ्र, शेपटी गोल. दिसायला हिरॉईन, पण एक्स्पोजरच्या दृष्टीनं डोकेदुखी. विटकरी रंग नीट आणायला गेलं की पांढरं डोकं जळतं आणि डोकं सांभाळलं की अंग काळं पडतं. उपाय म्हणजे डोकं सांभाळायचं, रॉ फाइल काढायची आणि बाकीचं घरी कॉम्प्युटरवर बघायचं.

एका डिसेंबरातल्या संध्याकाळी मला ‘तो’ फोटो मिळाला. घार वळताना एक पंख सरळ खाली, एक वर, मान माझ्याकडे, डोळ्यात सूर्याचा बारीक ठिपका. एकूण फोटो अकराशेच्या वर, त्यात कामाचे नऊ, आणि त्या नवांत हा एक. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना मोबाइलवर दाखवला. ‘लई भारी’, ‘नाद खुळा’ वगैरे झालं. मी हवेत.

रात्री एडिटिंगला बसलो. हे काम म्हणजे स्वयंपाकात मीठ घालण्यासारखं, जास्त झालं की कुणी खात नाही. क्रॉप केलं, सावल्या जरा उचलल्या, डोक्यावरचे हायलाइट्स खाली ओढले. नॉइज काढणारी सॉफ्टवेअरं हल्ली भन्नाट आहेत, पण स्लायडर जरा जास्त सरकला की पिसांचं प्लास्टिक होतं. आणि आकाश निळंच हवं हा हट्ट सोडायचा. डिसेंबरात कोल्हापूरचं संध्याकाळचं आकाश धुरकट असतं. ते तसंच दिसू द्यावं, हे माझं मत.

मग पिसं तपासायला शंभर टक्के झूम केलं.

खालच्या पंखाच्या सांध्यापासून एक रेघ निघाली होती. आधी वाटलं सेन्सरवरचा केस. पुढची फ्रेम बघितली, त्यातही होती, वेगळ्या कोनात. मांजा होता. पंखाला एक वेढा आणि मागे हातभर लोंबता तुकडा.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, ‘काढून टाक की भावा. हीलिंग ब्रश, दोन मिनिटांचं काम.’

खरंच दोन मिनिटांचं काम होतं. शाहू स्मारकच्या कलादालनात आमच्या ग्रुपचं प्रदर्शन लागणार होतं, फोटो द्यायला चार दिवस उरले होते. मी दोरा काढलेली एक कॉपी केलीसुद्धा. कसली क्लास दिसत होती! कुणाच्या बापाला कळलं नसतं.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २००९ चा विजेता फोटो होता फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा. लांडगा बहुधा माणसाळलेला होता असं परीक्षकांचं मत झालं आणि २०१० च्या जानेवारीत बक्षीस रद्द झालं. २०१८ मध्ये असंच एका मुंगीखाऊच्या फोटोचं झालं. तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचा संशय होता. दोन्ही फोटोग्राफरांनी आरोप नाकारले. पण मी तर लंडनला चाललो नव्हतो, दसरा चौकात चाललो होतो.

त्या रात्री मला आजोबांची गिधाडं आठवली. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की आकाश काळं व्हायचं, असं ते सांगायचे. मी एकही बघितलं नाही. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्ये उघड झालं. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठीचं हे औषध बंद केलं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. शंभरातलं एकही धड उरलं नव्हतं. आजोबांकडे तेव्हा कॅमेरा असता तर त्यांनी काय टिपलं असतं, आणि सुंदर दिसावं म्हणून काय पुसलं असतं?

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो, आणि तुटलेला मांजा झाडांवर वर्षानुवर्षं तसाच राहतो. दिल्लीत मांजानं कापलेल्या घारींवर उपचार करणाऱ्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या भावांवर ‘ऑल दॅट ब्रीद्स’ ही डॉक्युमेंटरी झाली, २०२२ मध्ये सनडान्सला आणि कानला गाजली. जरूर बघा.

माझ्या घारीचं काय? दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघं पुन्हा रंकाळ्यावर गेलो. ती होती. उडत होती, वळताना खालचा पंख जरा उशिरा उचलत होती. उडती घार पकडणार कोण? ती खाली बसली, फांदीला अडकली, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा एवढंच हातात. आम्ही नंबर तयार ठेवून अंधार पडेपर्यंत थांबलो. ती संध्यामठाच्या दिशेनं गेली. तिसऱ्या दिवशी दिसली नाही, चौथ्या दिवशीही नाही. दुसऱ्या सात घारी दिसल्या, सगळ्यांचे पंख मी लेन्समधून तपासले.

प्रदर्शनाला दोऱ्यासकट फोटो दिला. दोरा कुणाला दिसणार नाही म्हणून त्या भागाचा मोठा क्रॉप शेजारी लावायला मागितला. ग्रुपमध्ये थोडी कुरकूर झाली, ‘मूड जातो’ वगैरे. शेवटी जागा मिळाली स्विचबोर्डच्या शेजारी, कोपऱ्यात.

दुसऱ्या दिवशी दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा त्या कोपऱ्यात बराच वेळ उभा होता.

‘काका, ह्यो मांजा हाय न्हवं?’ (काका! मी अठ्ठावीसचा आहे. असो.)

‘हो.’

‘नायलॉनचा?’

‘तसाच दिसतोय.’

त्यानं क्रॉपवर बोट ठेवून दोरा पंखातून कुठून जातो ते शोधलं. मग मागं वळून मित्राला हाक मारली, ‘ए, हिकडं ये, हे बघ!’