बाटलीतली तंबाखू आणि निपाणीची तंबाखू

बेळगावात खडेबाजारात किंवा कॉलेज रोडला सेंटच्या दुकानात शिरा आणि नवीन काय आलंय ते विचारा. पुढ्यात येणाऱ्या बाटल्यांत एखादी तरी तंबाखूची निघतेच. काउंटरवरचा मुलगा कागदी पट्टीवर फवारा मारतो, पट्टी हलवून हातात देतो आणि 'टोबॅको आहे, एकदम रिच' असं सांगतो. इथून निपाणी तास-दीड तासावर. तिथल्या वखारींच्या गल्ल्यांत जे वाढले, त्यांना ही पट्टी नाकाशी धरल्यावर एकच प्रश्न पडतो: ही कुठली तंबाखू?

प्रश्न रास्त आहे. आधी बाटल्यांकडे बघू.

ज्यां पॉल गोतिए या फ्रेंच नावाखाली 2023 साली 'ल माल इलिक्सिर' आलं. केंतँ बिश या अत्तरकाराची ही रचना. फवारल्या फवारल्या लॅव्हेंडर आणि पुदिन्याचा गारवा येतो, आणि तेवढा भाग खरोखर देखणा आहे. मग मध, व्हॅनिला आणि टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी झाडाची बी पुढे सरसावतात. तंबाखू आहे म्हणतात, आणि ती आहेही, पण मधात पार बुडालेली. दुसऱ्या दिवशीही शर्टाची कॉलर गोडच लागते. लग्नाच्या हॉलमध्ये हे सेंट उठून दिसेल; बसमध्ये शेजारच्याचा जीव घुसमटेल.

दुबईकडच्या लट्टाफा कंपनीचं 'असद' त्या मानाने कितीतरी स्वस्त, आणि म्हणूनच कॉलेजच्या मुलांत त्याची चलती आहे. त्यात सुरुवातीलाच काळ्या मिरीचा झणका बसतो, अननसाची आंबटगोड कड येते आणि तंबाखू लगेच कळते. ती कोरडी आहे. पुढे व्हॅनिला आणि ऊद-धुपाच्या जातीचे डिंकाळ वास येऊन सगळं मऊ करतात, पण पहिल्या अर्ध्या तासात जो कडूसरपणा आहे त्यासाठी मी असदला इलिक्सिरच्या वर ठेवीन. किंमत बघून नव्हे, नाकाने ठरवून.

या सगळ्या गोड तंबाखूच्या लाटेमागे टॉम फोर्डचं 2007 सालचं 'टोबॅको व्हॅनिल' आहे. पाच आकडी किमतीची ती बाटली आपल्यापैकी फार थोड्यांनी हाताळली असेल, पण तिच्या नकला, उपनकला आणि चुलत नकला आज प्रत्येक काउंटरवर आहेत. मुळात मात्र ही कल्पना बरीच जुनी. पॅरिसच्या कॅरों या अत्तरघराने 1919 मध्येच 'तबा ब्लाँ' काढलं होतं, बायका उघडपणे सिगारेट ओढू लागल्या त्या काळात आणि त्यांच्यासाठीच. दोन वर्षांनी मोलिनारचं 'हबानिता' आलं. ते अंगाला लावायला नव्हतं, सिगारेटला वास देण्यासाठी होतं. नंतर ते अत्तर म्हणून विकलं गेलं.

आता प्रश्नाचं उत्तर. बाटलीतली तंबाखू ही बहुतेक वेळा पाइपची तंबाखू असते. व्हर्जिनिया जातीचं पान बंद भट्टीत गरम हवेने वाळवतात, त्यामुळे पानातली साखर टिकते आणि वासाला मध-मनुकांची गोडी येते. शिवाय बऱ्याच सेंटांत खऱ्या पानाचा अर्क थोडाच असतो, कधी नसतोही. टोंका बीतला कुमारिन, मध, सुका मेवा आणि व्हॅनिला यांची मोट बांधून तंबाखूचा भास उभा केला जातो. कुमारिन हा वाळलेल्या गवताच्या गंजीचा वास. विल्यम पर्किनने तो 1868 मध्ये प्रयोगशाळेत तयार केला आणि 1882 च्या 'फुजेर रोयाल' या अत्तरात तो वापरला गेला. पुरुषी सेंट म्हणून आपण आज जे ओळखतो त्याचा मोठा भाग तिथून निघाला.

निपाणीची तंबाखू विडीची. काळ्या रानातली. झाडाचा शेंडा खुडायचा, बगलेचे फुटवे काढत राहायचे, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो आणि पान जाड, चिकट, कडक होतं. कापणीनंतर भट्टी नाही. उघड्यावर, उन्हात वाळवण. साखर कमी, निकोटीन भरपूर. मग वखारीत पोत्यांच्या थप्प्यांत माल उबेला लागून मुरतो. ताजं वाळलेलं पान चुरडून हुंगलं तर आधी गवत, मग मातीचा कडवटपणा, आणि अगदी शेवटी, नाक जरा लांब नेल्यावर, गुलाबाच्या जवळ जाणारं काहीतरी.

गुलाब हा मनाचा खेळ नाही. पान वाळताना आणि मुरताना त्यातली पिवळी-केशरी रंगद्रव्यं मोडतात आणि त्यातून सुवासिक रेणू सुटतात. त्यातल्या एकाचं नाव डॅमासेनोन. तो बल्गेरियाच्या गुलाबतेलातही सापडतो आणि गुलाबाला गुलाबपण देण्यात त्याचा मोठा वाटा आहे. म्हणजे पॅरिसचा अत्तरकार ज्याच्या मागे असतो, तो रेणू वखारीतल्या पोत्यातही तयार होतच असतो.

पण वखारीत तो कुणाला जाणवणार? चाळण सुरू झाली की खाट उठतो. डोळे चुरचुरतात, शिंका थांबत नाहीत, नवख्या माणसाला मळमळतं. ही चाळण वर्षानुवर्षं बायकांनी नाकाला पदर बांधून केली. त्यांच्या संघटनेवर युगांतर या गटाने 1982 मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला, आणि तो आजही बघण्यासारखा आहे. त्याच्या आदल्या वर्षी पानाला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला महामार्गावर ठाण मांडलं, आणि एप्रिल 1981 मध्ये तिथे गोळीबार झाला. तंबाखू हुंगताना या भागातल्या माणसाला हेही आठवतं, आणि आठवलंच पाहिजे. पॅरिसच्या जाहिरातीत तंबाखू म्हणजे चामड्याची खुर्ची आणि शेकोटी. इथे ती मजुरी, कर्ज आणि खोकला आहे.

विकत घेणाऱ्यासाठी थोडं व्यवहाराचं. पट्टीवर ठरवू नका. पट्टीवर पहिली पाच मिनिटंच खरी बोलतात, आणि गोड तंबाखूची सेंटं खरी उलगडतात ती कातडीच्या उबेवर, तासाभराने. मनगटावर एकच फवारा घ्या, बाजारात फिरून या आणि मग पैसे द्या. मधे हुंगायला कॉफीच्या बिया देतात, त्यांचा फारसा उपयोग नाही. बाहेरची मोकळी हवा तेवढंच काम करते. आणि ऋतू बघा. बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी इलिक्सिरसुद्धा गोड वाटेल. एप्रिलमध्ये निपाणीच्या स्टँडवर तेच सेंट डोकं उठवेल, कारण उष्णतेने ते भराभर उडतं आणि गोडवा एकदम अंगावर येतो. उन्हाळ्यात वाळ्याचं किंवा लिंबाच्या जातीचं हलकं काहीतरी बरं.

म्हैसूरच्या चंदनाचं नाव जगभर गेलं ते तेलामुळे. तिथला सरकारी तेलाचा कारखाना 1916 चा. 1989 मध्ये गेर्लेंने 'समसारा' काढलं तेव्हा म्हैसूरचं चंदन त्याचा कणा होतं. निपाणीचं नाव मात्र विडीच्या बंडलापुढे सरकलं नाही. आता इथले कितीतरी शेतकरी ऊस-सोयाबीनकडे वळले आहेत, आणि विडीने जे नुकसान केलं ते पाहता त्याबद्दल हळहळ करण्याचं कारण नाही. तरी जेवढं पान अजून निघतं त्यातलं थोडं अर्कासाठी जावं असं मला मनापासून वाटतं. काम सोपं नाही: द्रावकाने अर्क काढायचा, त्यातलं निकोटीन बाजूला करायचं, आणि या कडक पानात ते जास्तच असतं. पण एखाद्या भारतीय कंपनीने ते मनावर घेतलं, तर त्या सेंटात व्हॅनिला नको. मिरी असावी, वाळा असावा, वाळलेलं गवत असावं, आणि शेवटी तो गुलाब आपला आपण वर यावा.