ऋणमुक्तीचे लक्ष्मीपूजन

ऋण काढून सण करू नये, ही वडीलधाऱ्यांची शिकवण. पुण्याजवळ थेऊरी श्रीचिंतामणीच्या सान्निध्यात थोरल्या माधवराव पेशव्यांनी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी देह ठेवला. त्यापूर्वी लिहविलेल्या अखेरच्या कलमांत कर्ज फेडण्याचेही कलम होते. पेशव्यांना मृत्युशय्येवर जे सलले, ते आपणांस दिवाळीच्या झगमगाटात विसरून कसे चालेल?

यंदा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आम्ही घरखर्चाची वही ठेवणार आहोत. पहिल्या पानावर एकूण देणे लिहू. हॉटेलातला चहा, जवळच्या अंतरास रिक्षा, हप्त्यावरची नवी वस्तू यांना फाटा देऊन वाचलेला पैसा त्याच सायंकाळी वेगळा काढू आणि अधिक व्याजाचे कर्ज आधी फेडू. साध्या नैवेद्याने लक्ष्मी रुसत नाही. उधळपट्टीच्या घरी मात्र ती थांबत नाही.