छातीतील कळ आणि हातातील वेळ

आपल्या वऱ्हाडात छातीत दुखू लागले की त्याचे निदान डॉक्टरच्या आधी घरातच होते. कुणी म्हणतो पित्त झाले, कुणी म्हणतो गॅस धरला, कुणाला वायगोळा वाटतो. मग ओवा येतो, हिंगाचे पाणी येते, छाती-पाठ चोळून होते आणि शेवटी 'सकाळी पाहू' असे ठरते. पुष्कळदा हे घरचे निदान खरेही ठरते आणि खरी अडचण तीच आहे. अनेकदा गॅस निघाला म्हणून पुढच्या वेळीही तो गॅसच असणार, असे आपण धरून चालतो.

वास्तविक छातीत दुखण्याची कारणे अनेक आहेत. अन्ननलिकेत आम्ल वर आले तर जळजळते. बरगडीजवळचा स्नायू दुखावला तर दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर चमक येते. न्यूमोनियात किंवा क्षयामुळे फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली तर दीर्घ श्वासाबरोबर टोचते. मेळघाटात आणि विदर्भाच्या इतर भागांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक आजारातही छातीत तीव्र वेदना होतात व त्यावर तातडीने उपचार लागतात. अतिशय चिंतेनेही छाती आवळून येते. या सर्वांत जीवावर बेतणारे आणि वेळेशी बांधलेले दुखणे म्हणजे हृदयविकाराचा झटका होय.

हृदयाच्या वेदनेचे स्पष्ट वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने 1768 साली लंडनमध्ये वाचलेल्या निबंधात केले. चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखे होते आणि उभे राहिले की ते थांबते, असे त्याने नोंदविले. आज आपण याचे कारण जाणतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या आतून अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी रक्त अपुरे पडते. त्या अरुंद जागी रक्ताची गुठळी होऊन वाट बंद झाली, की विश्रांतीनेही न थांबणारी वेदना सुरू होते. हा झटका होय. छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, मळमळ आणि धाप ही त्याची लक्षणे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात मात्र कधी कधी छाती फारशी दुखत नाही. नुसता दम लागतो किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटते. गॅसचा समज येथेच सर्वाधिक फसवितो.

तेव्हा निदान हाताने छाती चाचपून नव्हे, तर ई. सी. जी. काढूनच करावे लागते. हृदयातील विजेचा आलेख काढण्याच्या या शोधाबद्दल आइन्थोव्हेन यांना 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ई. सी. जी. निघावा, असा आज दंडक आहे. पहिला आलेख कधी निर्दोष दिसतो, म्हणून तो पुन्हा काढतात. जोडीला रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. हृदयाचा स्नायू मरू लागला की हे द्रव्य रक्तात उतरते. पण त्याला काही तास लागतात, म्हणून हीसुद्धा तपासणी पुन्हा करावी लागते.

उपचारांचे मोल किती, हे 1988 साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-2' या संशोधनाने दाखविले. त्यात 17,187 रुग्ण होते. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन ही दोन्ही औषधे ज्यांना मिळाली, त्यांच्यापैकी पाच आठवड्यांत शेकडा 8 दगावले; दोन्ही न मिळालेल्यांपैकी शेकडा 13. औषध जितके लवकर, तितका लाभ अधिक.

आता आपल्या देशाकडे वळू. 'क्रिएट' या नावाने 50 शहरांतील 89 रुग्णालयांत वीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली व ती 2008 साली प्रसिद्ध झाली. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत निम्म्या रुग्णांचे सहा तासांहून अधिक गेले होते. श्रीमंतांपैकी महिन्याभरात शेकडा 5.5 दगावले, तर गरिबांपैकी 8.2. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात धरला, तेव्हा मात्र ही तफावत राहिली नाही. म्हणजे गरिबाचे हृदय निराळे नव्हते, त्याला मिळालेले उपचार निराळे होते.

हे वाचले तेव्हा मला माझे मोठेबाबा आठवले. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे दवाखान्याचा कागद वाचणे माझ्याकडे असते. गेल्या वर्षी त्यांना रात्री कळ आली, 'सकाळी पाहू' ठरले, आणि ई. सी. जी. निघाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. ते वाचले, पण हृदयाचा बराचसा स्नायू निकामी झाला होता. चाळीस वर्षे कपाशीत डवरा धरणारा हा माणूस आता बांधावर बसून दुसऱ्याचा डवरा पाहतो. घरच्यांना मी दोष देत नाही. ही वेळेची गोष्ट त्यांना कधी कुणी सांगितलीच नव्हती.

म्हणून मित्रहो, सुटीत गावी जाल तेव्हा एवढे अवश्य सांगा. छातीतील दडपण दहा-पंधरा मिनिटांत न थांबले, सोबत घाम वा धाप असली, तर रात्र असो की पेरणी असो, 108 क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. रुग्णाला चालवू नये, मोटारसायकलवर बसवू नये. ॲस्पिरिन द्यावी की नाही हे फोनवरच डॉक्टरांना विचारावे, कारण रक्तस्रावाचा आजार किंवा त्या औषधाची ॲलर्जी असल्यास ती घातक ठरते. जेथे ई. सी. जी. निघतो असे जवळचे ठिकाण कोणते, हे आधीच ठाऊक असावे. दर्यापूर किंवा अकोटच्या खेड्यातून अमरावतीचे इर्विन अथवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठायला वेळ लागतोच. त्यात घरातील रात्र मिळवू नये. तंबाखू-बिडी सोडावी, रक्तदाब व साखर तपासावी, हे तर झालेच.

ई. सी. जी. काढून तो गॅसच निघाला, तर लोक हसतील. हसू द्यावे. त्या हसण्यात घरचा माणूसही सामील असेल.