मंगरूळपीर कितव्या ओळीवर?

वाशिम जिल्ह्याचे सहा तालुके एका फाइलीत लिहा आणि लिनक्सच्या ‘सॉर्ट’ या क्रम लावणाऱ्या प्रोग्रामला द्या. नुसत्या बाइटच्या हिशेबाने कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, मालेगाव, रिसोड, वाशिम असा क्रम लागतो. ठीक वाटतो. आता त्यातच ‘मंगरुळपीर’ घाला, ऱ्हस्व रु. गाव तेच, पण सॉर्टच्या लेखी दोन. दुबार नोंदी काढायला सांगितलं तरी दोन्ही राहतात. ळ आपल्या वर्णमालेत ह नंतर येतो, युनिकोडने त्याला ल आणि व यांच्यामध्ये बसवलंय. आकडे देवनागरीत असले, तर संख्येप्रमाणे लाव म्हटलं तरी १० हा ९ च्या आधी! अशा प्रोग्रामच्या चाचणीत नुसती इंग्रजी नावं घेणाऱ्याला यातलं काहीच सापडणार नाही.

असे दोन प्रोग्राम एकामागून एक चालवून वेग मोजतानाही फसगत होते. पहिल्या खेपेला फाइल डिस्कवरून वाचली जाते, दुसऱ्या खेपेला बहुधा मेमरीतून. मग दुसरा प्रोग्राम उगाच चपळ ठरतो. म्हणून एकच चाचणी दहा-वीसदा चालवून मधला आकडा धरायचा. आणि भाषेचे नियम, म्हणजे लोकेल, दोघांना सारखंच ठेवायचं. ते ‘सी’वर, म्हणजे नुसत्या बाइटच्या हिशेबावर, ठेवलं की सॉर्ट बरंच हलकं होऊन पळतं, पण ळ मग ल च्याच शेजारी.